लहान आकाराचे तैलचित्र : निर्मितीचा आनंद, प्रयोगशीलता आणि मूल्यमापनाचा प्रश्न
(विश्रांतवाडी, पुणे या परिसराच्या संदर्भात)

बीजशब्द : तैलरंग, लघुचौकट, कुंचल्याचा फटकारा, लयतत्त्व, जागेवरील निसर्गचित्रण, विश्रांतवाडी.

प्रस्तावना

चित्रकलेच्या चर्चेत आकाराचा प्रश्न सहसा गौण मानला जातो. चित्राचा विषय, शैली, रंगसंगती यांविषयी विपुल लिहिले जाते. परंतु चित्र सहा इंचांचे आहे की सहा फुटांचे, याची नोंद बहुधा चित्राखालच्या पट्टीपुरतीच मर्यादित राहते. परिणामी लहान आकाराच्या तैलचित्राकडे 'अभ्यासचित्र', 'पूर्वतयारी' किंवा 'फावल्या वेळेतील छंद' या दृष्टीने पाहण्याची सवय रूढ झाली आहे. लहान तैलचित्र हे मोठ्या चित्राचे संक्षिप्त रूप आहे की स्वतःचे नियम असणारा स्वतंत्र आकृतिबंध आहे, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे. त्याचा विचार माध्यमाचे तंत्र, मराठी प्रदेशातील तैलचित्रणाची परंपरा आणि विश्रांतवाडीसारखे बदलते उपनगर या तीन अंगांनी केला आहे.

तैलरंगाची परंपरा आणि भव्यतेचा संस्कार

पुण्याचा पाश्चात्त्य तैलचित्रणाशी परिचय पेशवाईच्या उत्तरार्धात झाला. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स हा १७९२ मध्ये पुण्यात आला. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव पेशवे, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची चित्रे रंगविली. त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट यांच्यासारखा गुणी स्थानिक कलावंत तयार झाला. १७९५ मध्ये वेल्सच्या मृत्यूने हा अध्याय अकाली संपला. तथापि एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. तैलरंग मराठी समाजात आला तो दरबाराच्या दारातून, व्यक्तीची प्रतिष्ठा दाखविणारे माध्यम म्हणून.

पुढे १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची स्थापना झाली, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी अस्तित्वात आली आणि राजा रविवर्मा यांच्या पौराणिक तैलचित्रांनी मराठी मनाची पकड घेतली. पेस्तनजी बोमनजी, एम. एफ. पिठावाला, आंतोनियो झेवियर त्रिंदाद यांच्या पिढ्यांनी व्यक्तिचित्रणात मोठी कामगिरी केली. प्रदर्शनाची भिंत, संस्थानिकांचा दिवाणखाना आणि सार्वजनिक सभागृह ही या चित्रांची मुक्कामाची ठिकाणे होती. भिंत मोठी असेल तर चित्रही मोठे हवे, हा संस्कार त्यातूनच दृढ झाला. दुसरीकडे कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या परिसरात रमणारे आबालाल रहिमान (मृत्यू १९३१) यांनी निसर्गासमोर बसून चित्रण करण्याची जी साधना केली, ती दरबारी भव्यतेपेक्षा वेगळ्या वृत्तीची होती. आपली असंख्य चित्रे त्यांनी तळ्यात विसर्जित केली, अशी आख्यायिका सांगितली जाते. तिची सत्यासत्यता काहीही असो, चित्र म्हणजे जपून ठेवावयाची मालमत्ता नसून पाहण्याची कृती आहे, ही भावना त्या आख्यायिकेतून व्यक्त होते. लहान तैलचित्राचे नाते या दुसऱ्या प्रवाहाशी आहे.

आकाराचे गणित आणि फटकाऱ्याचे मोल

२४ × ३६ इंचांच्या कॅनव्हासचे क्षेत्रफळ ८६४ चौरस इंच होते, तर ६ × ८ इंचांच्या फळीचे केवळ ४८ चौरस इंच. म्हणजे पहिले दुसऱ्याच्या अठरा पट मोठे आहे. परंतु कुंचला मात्र अठरा पट लहान होत नाही. अर्ध्या इंचाच्या चपट्या कुंचल्याचा फटकारा मोठ्या चित्राच्या उंचीचा अठ्ठेचाळिसावा भाग व्यापतो, तर लहान चित्राच्या उंचीचा बारावा भाग. मोठ्या चित्रात जो फटकारा झाडाचे एखादे पान ठरतो, तोच लहान चित्रात संपूर्ण झाड ठरू शकतो. लहान तैलचित्राचे वेगळेपण नेमके येथे आहे. चौकट लहान झाली की रंगाच्या लेपाचे दृश्य वजन वाढते. सुरीने लावलेला जाड पांढरा थर म्हणजे एकाच वेळी उन्हातील भिंतही असते आणि केवळ रंगही असतो.

बा. सी. मर्ढेकर यांनी सौंदर्याच्या मुळाशी लयतत्त्व असल्याचे प्रतिपादन करून संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांवर भर दिला. हा विचार येथे विशेष उपयुक्त ठरतो. शेकडो फटकाऱ्यांच्या चित्रात एखादा संबंध बिघडला तरी तो इतरांच्या आड लपू शकतो. चाळीस-पन्नास फटकाऱ्यांत पूर्ण होणाऱ्या चित्रात अशी आडोशाची जागा उरत नाही. करड्या आकाशाशी विटकरी छपराचा विरोध साधला किंवा फसला, हे तत्काळ कळते. लहान चित्र सोपे असते, हा समज म्हणूनच तपासून पाहावा लागतो. ते लवकर होते हे खरे. पण त्यात चूक झाकता येत नाही, हेही तितकेच खरे.

प्रयोगाची मुभा आणि निर्मितीचा आनंद

तैलरंग पाण्याच्या रंगाप्रमाणे द्रव उडून जाऊन वाळत नाही. त्यातील जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू घट्ट होते. अंबरसारखे मँगॅनीजयुक्त मातीचे रंग लवकर वाळतात, तर आयव्हरी ब्लॅकसारखा काळा रंग दीर्घकाळ ओला राहतो. या संथपणामुळे मोठे चित्र थरांनी, 'खाली कमी तेल, वर अधिक तेल' हा नियम सांभाळून करावे लागते. लहान चित्र मात्र ओल्यावर ओला रंग लावत एकाच बैठकीत पुरे करता येते आणि न जमल्यास सुरीने खरवडून फळी पुन्हा कोरी करता येते. खरवडलेल्या फळीवर उरलेली फिकी छटा पुढील चित्राची पार्श्वभूमी होते. अपयशाची किंमत इतकी कमी असल्याने धाडसाची शक्यता वाढते. तीनच रंगांत चित्र करणे, तेच दृश्य सकाळी व सायंकाळी रंगविणे, पांढऱ्याऐवजी गेरूच्या अस्तरावर काम करणे, असे प्रयोग चित्रकार या आकारात निर्धास्तपणे करू शकतो. आनंदाचे मूळ या निर्धास्तपणात आहे.

जागतिक परंपरेतही याचे दाखले सापडतात. जॉन कॉन्स्टेबल याने १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे ढगांची लहान तैलचित्रे केली आणि त्यांच्या मागे दिनांक, वेळ व वाऱ्याच्या नोंदी लिहिल्या. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड याने धातूच्या नळीचे पेटंट घेतले आणि तैलरंग खिशात घालून नेणे शक्य झाले. जॉर्ज सेरा याने आपल्या सुमारे सात फूट उंच व दहा फूट रुंद अशा प्रसिद्ध नदीकाठच्या चित्रासाठी तळहाताएवढ्या लाकडी फळ्यांवर कितीतरी तैलचित्रे रंगविली. कॅनडाच्या टॉम थॉमसनची साधारण साडेआठ × साडेदहा इंचांची जंगलचित्रे तर आज त्याच्या मोठ्या कॅनव्हासांच्या बरोबरीने पाहिली जातात. 'पूर्वतयारी' म्हणून केलेले चित्र कालांतराने स्वयंपूर्ण कलाकृती ठरते, हे यावरून स्पष्ट होते.

विश्रांतवाडी : बदलत्या परिसराला साजेशी चौकट

आळंदी रस्त्यावरील विश्रांतवाडी हे पुण्याच्या ईशान्येकडील उपनगर. ज्येष्ठ वद्यात श्रीज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे येते ती याच मार्गाने. एका बाजूला दिघीच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला कळसकडून वाहणारी मुळा, डोक्यावर लोहगावच्या विमानतळाकडे उतरणारी विमाने आणि सभोवती वाढत जाणाऱ्या गृहरचना असे या भागाचे मिश्र रूप आहे. त्याला रूढ अर्थाने 'निसर्गरम्य' म्हणता येणार नाही. वाडे, घाट, देवळे यांनी संपन्न असलेल्या जुन्या पुण्याकडे चित्रकार स्वाभाविकपणे वळतो. उपनगराकडे मात्र सहसा पाठ फिरवितो.

तथापि लहान तैलचित्राला हा परिसर अनुकूल आहे. मोठ्या चित्राला भव्य विषयाची अपेक्षा असते. लहान चित्राला एक भिंत, एक सावली पुरते. निळ्या प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पडलेले दुपारचे ऊन, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या करड्या काँक्रीटपुढे फुललेला गुलमोहर, पावसाने ओल्या झालेल्या डांबरी रस्त्यावर उमटलेले भगव्या पताकांचे प्रतिबिंब, हे विषय तळहाताएवढ्या चौकटीत सामावतात. पालखी तर थांबत नाही. तिच्यासमोर तिपाई उभारून मोठा कॅनव्हास रंगविणे अशक्यच. मांडीवरच्या पेटीत बसविलेल्या फळीवर मात्र वारकऱ्यांचा पांढरा पट्टा आणि त्यावरील भगवे ठिपके दहा मिनिटांत पकडता येतात. तेथे तपशील नव्हे, तर प्रवाहाची दिशा रंगविली जाते.

या परिसराचा आणखी एक विशेष म्हणजे त्याची अस्थिरता. आज मोकळे दिसणारे मैदान पुढील वर्षी मोकळे असेलच असे नाही. कॉन्स्टेबलप्रमाणे मागे दिनांक व वेळ लिहिलेले चित्र अशा ठिकाणी सौंदर्यकृतीबरोबर साक्षही ठरते. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात कलेच्या विचारातील लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांची जी चर्चा केली, ती येथे आठवते. उपनगराचे लहान चित्र रंगसंबंधांच्या स्वायत्त जगात उभे असते आणि त्याच वेळी एका नाहीशा होणाऱ्या जागेची लौकिक नोंदही करते. दोहोंपैकी एकाच ध्रुवावरून त्याचे मूल्यमापन केल्यास ते अपुरे ठरेल.

सदनिकेच्या आतही हीच चौकट उपयोगी पडते. इटलीच्या जॉर्जो मोरांदीने बाटल्या व भांडी घेऊन आयुष्यभर लहान चित्रे केली. मराठी घरातील तांब्या, स्टीलचा डबा, वाटीतील लिंबू हे विषय त्याहून दरिद्री नाहीत. स्टीलच्या डब्याला स्वतःचा रंग जवळजवळ नसतो. तो शेजारच्या लिंबाचा, खिडकीचा आणि पडद्याचा रंग उसना घेतो. हे रंगविताना 'वस्तूचा रंग' आणि 'दिसणारा रंग' यांतील भेद विद्यार्थ्याला पुस्तकाविना कळतो.

मर्यादा आणि धोके

लहान तैलचित्राचे गुणगान करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष होता कामा नये. पहिली मर्यादा आशयाची. अनेक व्यक्तींचा परस्परसंबंध, प्रसंगातील ताण किंवा प्रेक्षकाला वेढून टाकणारा अवकाश हे लहान चौकटीत क्वचितच साधते. दुसरा धोका चातुर्याचा. चार सफाईदार फटकाऱ्यांत लिंबू दाखविण्याची हातोटी जमली की तीच पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह होतो. प्रयोगाची जागा सराईतपणा घेतो आणि चित्र शोभेची वस्तू बनते. रोज एक चित्र करण्याचा संकल्प शिस्त लावतो. परंतु संख्या हेच उद्दिष्ट ठरल्यास पाहणे थांबते. तिसरी अडचण टिकाऊपणाची. अस्तर न लावलेला पुठ्ठा रंगातील तेल शोषतो, पावसाळ्यातील दमटपणाने वाकतो, त्यावर बुरशी चढते. चित्र लहान आहे म्हणून त्याचे साहित्य हलके असावे, ही समजूत चित्रकाराने आपल्याच कामावर केलेला अन्याय होय.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. लहान तैलचित्र हे मोठ्या चित्राची लघुप्रत नसून, फटकारा व चौकट यांचे प्रमाण बदलल्यामुळे निर्माण होणारा स्वतंत्र आकृतिबंध आहे.

२. अपयशाची अल्प किंमत हे त्याच्या प्रयोगशीलतेचे आणि आनंदाचे प्रमुख कारण आहे.

३. विश्रांतवाडीसारख्या बदलत्या उपनगराचे दृश्यरूप टिपण्यास ही चौकट विशेष समर्थ आहे.

४. चातुर्याची पुनरावृत्ती आणि निकृष्ट साहित्य यांपासून सावध राहिल्यासच तिचे सामर्थ्य टिकून राहते.

महाराष्ट्रातील विद्यार्थी एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांच्या निमित्ताने कागद आणि पाण्याचे रंग हाताळतो. तैलरंग मात्र त्याला दूरचे, खर्चाचे आणि थोरामोठ्यांचे माध्यम वाटत राहते. दरबाराच्या दारातून आलेले हे माध्यम सहा इंचांच्या फळीवरून दोन खोल्यांच्या घरात सहज प्रवेश करू शकते. कलाशिक्षकांनी व समीक्षकांनी अशा चित्राला 'अभ्यास' म्हणून बाजूला न सारता त्याच्याच नियमांनी पाहिले, तर चित्रकलेचे वर्तुळ रुंदावेल आणि ज्या वस्त्यांकडे चित्रकाराची नजर क्वचितच वळली, त्यांचेही रूप चित्रात उतरेल.