दोन डोळे पुरत नाहीत

आजचा विषय विधिसंघर्षग्रस्त मुलांच्या शिक्षणाचा आहे, आणि तरी आम्ही बोलणार आहोत एका चित्रपटावर. व्ही. शांताराम यांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’. कारण असं की, सुधारणा म्हटलं की आपल्या मनात जे चित्र उभं राहतं, ते बरंचसं या चित्रपटाने घडवलेलं आहे.

त्याचं मूळही आपल्याच भागातलं. औंध संस्थानाने १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली. मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचा त्यात मोठा वाटा. कथा लिहिली गदिमांनी, तेही त्याच माणदेशातले. कोयनानगरात पाऊस हटत नाही, तिकडे तो येत नाही. अशा जमिनीत पीक काढणं हीच मुळात श्रद्धेची गोष्ट.

चित्रपटात आदिनाथ हा जेलर सहा खुनी कैद्यांना ओसाड माळावर नेतो. मोह झाला की त्यांना त्याचे डोळे आठवतात. तो मरतो, डोळे उरतात. दृश्य म्हणून ते थोर आहे, यात वाद नाही. पण शिक्षणाचा विचार म्हणून पाहिलं तर आम्हाला ते अपुरं वाटतं.

एक तर हे सहाजण प्रौढ आहेत. प्रौढाला सुधारणं म्हणजे तो जिथून घसरला तिथे त्याला परत नेणं. सोळा वर्षांच्या मुलाला परत नेणार कुठे? त्याचं अजून काही घडलेलंच नसतं. त्याला नजर नको, पुढची इयत्ता हवी. चित्रपटात शेत आहे, बाजार आहे, प्रार्थना आहे, फळा नाही.

दुसरं, नजरेचा इतिहास निर्मळ नाही. फ्रान्समध्ये मेत्रे इथे १८४०मध्ये मुलांची शेती-वसाहत सुरू झाली. तुरुंगव्यवस्था पूर्णत्वाला गेल्याची तारीख म्हणून मिशेल फूको तुरुंगाचं नव्हे, या वसाहतीचं उद्घाटन निवडतो. तिथेही शेत होतं, शिस्त होती, पाहणारे डोळे होते.

कुणी म्हणेल, ही रूपककथा आहे, तिच्याकडे फळा काय मागता? कबूल. पण तीच रूपककथा घेऊन आपण निरीक्षणगृहात जातो. प्रार्थना होते, भाषण होतं, खाऊवाटप होतं, फोटो निघतो. सोमवारी गणिताला कोण येणार, हे कुणी विचारत नाही.

आता कायदा पाहा. २०१५च्या बाल न्याय अधिनियमात जामीन हा नियम आहे, चौकशी साधारणपणे चार महिन्यांत संपवायची आहे, आणि विशेषगृहात जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतं. म्हणजे कुणी काही आठवडे राहणार, कुणी दोन वर्षं. वर्षभराचा अभ्यासक्रम अशा मुलाला लागूच पडत नाही. त्याला लहान, पुरे होणारे धडे हवेत. आणि जे शिकला त्याची नोंद बाहेरच्या शाळेने मानली पाहिजे. शिवाय मोफत शिक्षणाचा २००९चा कायदा चौदाव्या वर्षापर्यंतच पोचतो, आणि या मुलांत बहुसंख्य सोळा ते अठरा वयाची. हक्क संपतो तिथे गरज सुरू होते.

हाच कायदा म्हणतो की मुलाची ओळख उघड करू नये, त्याला पुढे अपात्रता चिकटू नये. पण दाखल्यावरची दोन वर्षांची पोकळी न बोलता सगळं सांगून टाकते. “इतके दिवस कुठं होतास रे?” या प्रश्नावर त्याची शाळा तिथेच संपू शकते. ती पोकळी भरून काढणं म्हणजे दर्जेदार शिक्षण. बाकी सगळं नंतर.

आदिनाथ चांगला होता म्हणून प्रयोग चालला. चांगला माणूस मिळणं हा योग आहे, आणि योगावर शाळा चालत नाही. ती चालते भरलेल्या पदावर, रोजच्या हजेरीवर, वेळेत मिळालेल्या दाखल्यावर. हे पडद्यावर दाखवण्यासारखं नाही. आपण मागण्यासारखं मात्र नक्कीच आहे.