एकदाच सांगितलेला विनोद

विनोदी नटाला मुलाखतीत विनोदाचं रहस्य विचारलं की तो ‘टायमिंग’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. टायमिंग म्हणजे काय, ते येतं कुठून, शिकता येतं का, हे पुढचे प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘ते अंगातच असावं लागतं’ हे दुसरं ठरलेलं उत्तर मिळतं. या दोन्ही उत्तरांचा मला कंटाळा आला आहे. ती खोटी नाहीत, पण नट आपसात जे बोलतात त्याच्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. मध्यंतरात विंगेत कान दिला तर वेगळीच भाषा ऐकू येते. आज दुसऱ्या प्रवेशातला हशा आलाच नाही. तू हशा पुरता उतरू दिला नाहीस, त्याच्यावरच बोललास, माझं वाक्य पडलं. ठाण्याला तिथे टाळी होती, इथे नुसती खसखस. हे सगळं बोलणं तुलनेचं आहे: काल आणि आज, ठाणं आणि पुणं, पन्नासावा प्रयोग आणि दीडशेवा. एकच वाक्य निरनिराळ्या लोकांपुढे पुन्हा पुन्हा टाकून पाहणारेच असं बोलू शकतात. मराठी विनोदी अभिनयाचं जे काही शास्त्र आहे ते या पुनरावृत्तीतून तयार झालं, आणि गेल्या दीड दशकात नेमकी तीच सोय आटत गेली. गुणी माणसं कमी झालेली नाहीत, उलट वाढली आहेत. त्यांना तोच विनोद दुसऱ्यांदा करायला मिळत नाही.

सुरुवात सोंगाड्यापासून करावी लागते. तमाशात गण-गौळण झाली की बतावणी, मग वग. वगाचा सांगाडा ठरलेला असला तरी सोंगाड्याच्या तोंडचं बोलणं बरंचसं त्याचं त्यानेच भरायचं असे. दसऱ्यानंतर फड बाहेर पडला की उन्हाळ्यापर्यंत जत्रा-यात्रांतून फिरायचा. वग तोच, गाव रोज नवं. आज पाटलाच्या नावाने काढलेला चिमटा उद्या दुसऱ्या गावच्या सरपंचाला लागू करून पाहायचा, लागला तर ठेवायचा, नाहीतर पुढच्या मुक्कामाला टाकून द्यायचा. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मधला दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार असाच घडला. कवलापूरच्या काळू-बाळू या जुळ्या भावांना तर वगातल्या पात्रांची नावंच जन्मभर चिकटली. संहिता लिहिणारा, ती बोलणारा आणि ती तपासणारा एकाच देहात नांदण्याची ही पद्धत होती, आणि तपासायला समोर रोज ताजा प्रेक्षक.

वसंत सबनीसांनी १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलं तेव्हा त्यांनी ही मोकळीक जाणूनबुजून ठेवली, असं मी मानतो. दादा कोंडक्यांचा हवालदार दीड हजारांहून अधिक प्रयोगांत वाढत गेला. त्यात त्या दिवशीचं वर्तमानपत्र यायचं, त्या गावचा पुढारी यायचा. दादा राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. निळू फुले आणि राम नगरकरही तिथलेच. या कलापथकाबद्दल लिहिताना लोक विचारसरणीबद्दल लिहितात, ते ठीकच. पण नटाच्या दृष्टीने ती एक फिरती शाळा होती. मैदानात, माइक असो-नसो, न हसणाऱ्या माणसाला हसवायचं. नगरकरांनी पुढे ‘रामनगरी’ या एकपात्रीत न्हाव्याच्या घरातलं स्वतःचं आयुष्य मांडलं. तिथे हसणाऱ्याला आपण नेमके कुणाला हसतोय हे मधूनच कळतं आणि हसू थोडं अडखळतं. हे अडखळणं कागदावर आखता येत नाही. ते कुठे ठेवायचं हे प्रयोगातच सापडतं.

मालवणीचं उदाहरण आणखी बोलकं आहे. दशावतारात लिखित संहिता नसते; कथानक ठरतं आणि नट रंगमंचावर संवाद रचतात. त्या मातीतून आलेलं गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगमंचावर आलं, ते काही पहिल्या दिवसापासून हाऊसफुल नव्हतं. पु. लं. नी कौतुक केल्यावर शहरी प्रेक्षक वळला, हा किस्सा सर्वांना ठाऊक आहे. त्याची दुसरी बाजू कमी सांगितली जाते: कौतुक होईपर्यंत मच्छिंद्र कांबळी आणि मंडळी कमी खुर्च्यांपुढेही नाटक करत राहिली. पुढे प्रयोग पाच हजारांवर गेले. आजच्या हिशेबाने हे नाटक पहिल्या पंधरवड्यातच बंद पडलं असतं.

याच्या नेमकं उलट टोक पु. लं. चं. ‘बटाट्याची चाळ’ किंवा ‘असा मी असामी’ करताना त्यांनी शब्द बदलण्यापेक्षा शब्दांमधली शांतता घोटली. त्यांच्या ध्वनिमुद्रिका पाठ असलेली एक पिढीच आहे. ती हशा वाक्याच्या आधीच देते. (अशा माणसाशेजारी बसून ती मुद्रिका ऐकणं ही शिक्षा असते, पण ते जाऊ दे.) लक्ष्मण देशपांड्यांनी १९७९ पासून ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये बावन्न व्यक्तिरेखा एकट्याने उभ्या केल्या, तेही अशाच घोटलेपणातून. प्रत्येक पात्राची मान, आवाजाची पट्टी, खांद्याचा कल ठरलेला. त्यात मराठवाडी बोली हसण्याचा विषय नव्हती, हसवणाऱ्याची भाषा होती. हा फरक आज फार वेळा विसरला जातो.

म्हणजे नटांमध्ये या बाबतीत एकमत कधीच नव्हतं. एका पक्षाला ‘ॲडिशन’ घेणं, म्हणजे संहितेत नसलेलं वाक्य प्रयोगात घालणं, हा नटाचा हक्क वाटतो. दुसऱ्याला ती लेखकाच्या ताटातली चोरी वाटते. मी बराच काळ दोघांचं ऐकत आलोय. माझं मत असं की ॲडिशन चांगली की वाईट हे ती कितव्या प्रयोगाला घेतली यावर ठरतं. शंभराव्या प्रयोगाला नट पात्राच्या घरात इतका रुळलेला असतो की त्याला सुचलेलं वाक्य बहुधा पात्राचंच असतं. तिसऱ्या प्रयोगाला घेतलेली ॲडिशन ही नव्वद टक्के वेळा भीती असते: हशा येत नाहीये, काहीतरी कर.

अशोक सराफ या वादात मधोमध उभे दिसतात, आणि म्हणूनच अभ्यासायला सर्वांत रंजक आहेत. मामा गोपीनाथ सावकार यांच्यामुळे घरात नाटक, उपजीविकेला स्टेट बँकेची नोकरी, आणि ‘ययाति आणि देवयानी’मध्ये वाट्याला आलेला विदूषक: त्यांची जडणघडण ‘मी बहुरूपी’ या आत्मचरित्रात आहेच. त्यांचे चित्रपट नीट पाहिले तर लक्षात येतं की विनोदी वाक्य समोरच्याच्या तोंडी असतं तेव्हा ते जास्त हसवतात. ऐकणारा माणूस कसा ऐकतो हे ते करतात: आधी न कळणं, मग कळल्याचा संशय, मग कळलं नसतं तर बरं झालं असतं अशी नजर. हे चित्रपटात, म्हणजे जिथे समोर प्रेक्षक नाही तिथे, त्यांना जमलं कारण कुठे हशा येईल आणि तो किती टिकेल याचा अंदाज रंगमंचाने अंगात मुरवलेला होता. प्रशांत दामल्यांबाबतही तेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी साडेबारा हजारावा प्रयोग केला. हा आकडा विक्रम म्हणून छापला जातो, पण मला तो चाचणीचा आकडा वाटतो. इतक्या वेळा समोरच्या अंधाराची नाडी पाहिलेल्या माणसाला टायमिंग ‘अंगात असावं’ लागत नाही, ते अंगात येतंच.

आता दूरचित्रवाणीकडे. २०१० मध्ये ‘फू बाई फू’, २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’, २०१८ मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’: या तीन कार्यक्रमांनी मराठी विनोदी नटाला घराघरात नेलं आणि पोटापाण्याची चिंता बरीच मिटवली. नाटकवाल्यांनी त्यांना नाक मुरडणं हा कृतघ्नपणा आहे. पण तिथली रीत पाहा. स्किट लिहिलं जातं, थोड्या तालमी होतात, चित्रित होतं आणि संपतं. दहा मिनिटांचा तो जीव एकदाच जगतो. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर यांच्यासारखे नट स्वतः लिहितातही; म्हणजे सोंगाड्याचं लिहिणं-बोलणं एकत्र परत आलं, फक्त तपासण्याची तिसरी पायरी गळाली. चित्रीकरणाच्या दिवशी जे पडलं ते पडलं. पुढच्या आठवड्याला नवं स्किट तयार हवं.

नटांनी यावर शोधलेला तोडगा मला कमालीचा हुशारीचा वाटतो: प्रसंग पुन्हा करता येत नसेल तर पात्र पुन्हा आणायचं. हास्यजत्रेतली नम्रता संभेराव यांची लॉली किंवा ओंकार भोजने यांचं ‘अगं अगं आई’ म्हणणारं पात्र त्यातूनच आलं. लॉली दहाव्यांदा येते तेव्हा प्रेक्षकाला तिचा स्वभाव ठाऊक असतो आणि नटीला प्रेक्षकाचा. दोघांमध्ये तालीम झालेली असते. मात्र धोका तिथेच आहे. परवलीचं वाक्य टाकलं की टाळी, हे समीकरण बसलं की पुढे काही शोधायची गरज उरत नाही, आणि समोर बसलेले परीक्षक तर हसायच्या तयारीतच असतात.

एकाच फटक्यात हसवायचं असलं की नट खात्रीचा माल उचलतो. रंग, दात, पोट, टक्कल आणि साडी नेसलेला पुरुष. यावर टीका झाली की कलाकारांचं म्हणणं असतं, आम्ही स्वतःवरच विनोद करतो. हे अर्धं खरं आहे. भरताने हास्याचे आत्मस्थ आणि परस्थ असे दोन प्रकार सांगितले आणि विकृत वेषालाही हास्याचं कारण मानलं, तेव्हा पाठबळ प्राचीन आहे. पण ‘मोरूची मावशी’तले विजय चव्हाण आठवा. तिथे साडी हे संकट होतं. पदर सरकला तर सगळा डाव उधळणार, हे प्रेक्षकाला ठाऊक आणि नाटकातल्या निम्म्या पात्रांना नाही. हसू त्या धास्तीचं होतं. छोट्या पडद्यावरच्या बहुसंख्य साड्यांमागे असा डावच नसतो. साडी नेसली, चाल केली, झालं. आणि श्रेया बुगडे यांच्यासारखी वाट्टेल त्या पात्रात शिरणारी नटी मंचावर असताना हे चालावं, याचं नवल वाटतं. वनिता खरात यांनी २०२१ मध्ये स्वतःच्या शरीराबद्दल संकोच न करता छायाचित्रं काढून घेतली. त्या धीटपणाला साजेसं लेखन त्यांना पडद्यावर किती मिळालं, हा प्रश्न लेखकांना विचारायला हवा.

पुनरावृत्ती आज सर्वांत इमानदारीने पाळतात ते स्टँड-अपवाले. हे सांगितलं की जुनी नाटकवाली मंडळी नाराज होतात. ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीमुळे मराठी स्टँड-अपला ओळख मिळाली; सारंग साठये, मंदार भिडे यांच्यामागून पुण्या-मुंबईत बरीच पोरं-पोरी उभी राहिली. त्यांचा दिनक्रम विचारा. ओपन माइकला पाच मिनिटं मिळतात, समोर वीस-तीस लोक, त्यातले निम्मे स्वतःचं नाव पुकारलं जायची वाट पाहणारे. तिथे एक मुद्दा दहा ठिकाणी दहा प्रकारे बोलून पाहायचा, पडला की घरी जाऊन शब्द बदलायचे. तासाभराचा कार्यक्रम असा महिनोन्‌महिने साठत जातो. सोंगाड्याची तिसरी पायरी इथे शाबूत आहे. म्हणूनच ते आपलं पक्कं मटेरियल इंटरनेटवर टाकायला कचरतात: एकदा रीलवर गेलं की जळालं. त्याऐवजी प्रेक्षकाशी झालेली जुगलबंदी टाकतात. परिणाम असा की नव्या प्रेक्षकाला तीच जुगलबंदी म्हणजे स्टँड-अप वाटू लागली आहे आणि पहिल्या रांगेतले लोक आपली टर उडवून घ्यायलाच येतात. रचलेल्या तासाकडे कोणाचं लक्ष नाही.

त्यातही उणीव आहेच. बहुतेक मराठी स्टँड-अप एकाच वर्गाच्या घरात फिरतं: आई, आयटी, सोसायटीचा ग्रुप, पुणेरी पाट्या. बोली बदलत नाही, कारण प्रवास बदलत नाही. बीड किंवा कणकवलीत ओपन माइक सहसा चालत नाही. सत्तेला चिमटा काढण्याची सोंगाड्याची परंपरा सांगावी, तर मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या राजकीय विडंबनगीतावरून खारच्या हॅबिटॅट स्टुडिओची मोडतोड झाली, हे हिंदी-इंग्रजीवाल्यांइतकंच मराठी पोरांनीही पाहिलं. तिथल्या ओपन माइकला त्यांचीही नावं पुकारली जात होती. एका कार्यक्रमावरच्या रागापायी त्या वेळी शेकडो नवख्यांची चुकायची जागा गेली, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही.

रंगभूमीवर सोय अजून आहे, पण ती शनिवार-रविवारपुरती. नट सोमवार ते शुक्रवार मालिकेत. पूर्वी वर्षभरात होणारे प्रयोग आता तीन-चार वर्षांत होतात. मधे रिप्लेसमेंट येतात, लय पुन्हा पहिल्यापासून बसवावी लागते. तरी या वाटेने परत येणारे आहेत. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, पंढरीनाथ कांबळे आणि प्रसाद खांडेकर यांनी ‘कुर्रर्रर्र’ रंगमंचावर आणलं, तेव्हा पडद्यावरचेच हे नट किती वेगळे श्वास घेतात ते दिसलं. हशा उतरेपर्यंत थांबायला त्यांना वेळ होता.

माझी सूचना व्यवहाराची आहे. लक्ष्मण देशपांड्यांच्या पश्चात ‘वऱ्हाड’ संदीप पाठक करतात, आणि ते उभं राहतं, कारण इतक्या प्रयोगांत घोटून निघालेली ती रचना दुसऱ्या अंगालाही पेलते. हास्यजत्रेच्या ढिगात अशी पंधरावीस स्किटं तरी सहज निघतील, जी नीट बसवून सलग पन्नास प्रयोग मिळाले तर उत्तम एकांकिका होतील. ‘ऑल द बेस्ट’ही आधी एकांकिकाच होती. वाहिनीकडे हक्क आहेत, नट आहेत, आणि सांगली-नांदेडपर्यंत तिकीट काढायला तयार असलेला प्रेक्षकही आहे. निर्मात्यांनी यादी करायला घ्यावी.