नव्व्याण्णवाव्या दिवसाचे जेवण

जेवणावळीचे वर्णन ऐकायला मराठी माणसाला मनापासून आवडते. आमच्या आख्यानकवींनी स्वयंवराची कथा सांगता सांगता मध्येच पंगत मांडली, की श्रोते नायक-नायिकेला विसरून पानाकडे बघू लागत. एका हाती दिवाळी अंक आणि दुसऱ्या हाती चकली धरलेल्या वाचकाला हे मी वेगळे सांगायला नको. म्हणून आज एका पंगतीविषयीच लिहितो. ही पंगत मात्र पॅरिसची आहे, आणि आपल्यापर्यंत आली आहे ती तिची छापील यादी तेवढी. त्या यादीकडे वाङ्मय म्हणून पाहावे, असा माझा मनसुबा आहे. मी पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून शाळेत मराठी शिकवणारा आणि सुटीत कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. पण मास्तराला एक खोड असते. मजकूर कोणताही असो, तो काय सांगतो आणि काय सांगायचे टाळतो, हे दोन प्रश्न तो विचारल्यावाचून राहत नाही.

आधी प्रसंग सांगितला पाहिजे. सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या आणि तिच्या मित्रराज्यांच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. २८ जानेवारी १८७१ रोजी युद्धबंदीचा करार होईपर्यंत शहर कोंडलेले राहिले. पत्रे बाहेर जात ती बलूनमधून, आत येत ती कबुतरांबरोबर. गाई-मेंढ्या संपल्या, तेव्हा घोडे कापले जाऊ लागले. मग कुत्री, मांजरे, उंदीर. त्यात त्या वर्षी थंडी हाडे गोठवणारी पडली. अशा शहरात सेंत-ओनोरे रस्त्यावर ‘व्वाझँ’ नावाचे बड्या लोकांचे भोजनगृह चालू होते. त्याचे तळघर जुन्या मद्यांसाठी नावाजलेले, आणि मुदपाकखाना अलेक्झांद्र शोरों या आचाऱ्याच्या हाती. या शोरोंच्या नावाची एक चटणी फ्रेंच स्वयंपाकात अजून केली जाते. २५ डिसेंबर १८७० ला, नाताळच्या दिवशी, व्वाझँने जे जेवण दिले त्याची ही यादी.

सुरुवातीला लोणी, मुळे, सार्डिन मासे आणि सारण भरलेले गाढवाचे मुंडके. मग तांबड्या घेवड्याचे दाट सार किंवा हत्तीचे पातळ सार. पुढे तळलेली लहान मासळी, इंग्रजी पद्धतीने भाजलेला उंट, कांगारूचा रस्सा, मिरीच्या रश्श्यातल्या अस्वलाच्या फासळ्या. त्यानंतर हरणासाठी करतात त्या रश्श्यात लांडग्याची मांडी. दोन्ही बगलांना उंदीर ठेवलेले मांजर. कवकांच्या तुकड्यांसह काळविटाच्या जातीच्या जनावराचे मांस. शेवटी कोवळे मटार, मुरंबा घातलेली भाताची वडी आणि चीज. सोबत १८४६ चे, १८५८ चे मद्य. आणि पोर्ट तर १८२७ ची.

वाचकहो, तोंड वाकडे करण्याआधी थोडे थांबा. मजकूर म्हणून ही यादी फार चांगली आहे, असे माझे मत आहे, आणि त्याची कारणे मी देतो.

पहिले कारण तिच्या माथ्यावरच आहे. तारखेबरोबर तिथे छापले आहे: वेढ्याचा नव्व्याण्णवावा दिवस. पानावर काय वाढले आहे हे सांगण्याआधी ते कोणत्या शहरात वाढले आहे, हे ती सांगते. दुसरे कारण, ती पदार्थांना त्यांच्या नावाने हाक मारते. उंदराला ‘रानपाखरू’ म्हणून खपवणे आचाऱ्याला अशक्य नव्हते; शहरातले कितीतरी खाटीक तसेच काही करत होते. शोरोंने मांजराला मांजर म्हटले. तिसरे कारण शब्दांच्या निवडीचे. मांजराच्या ‘बगलांना’ उंदीर, असे सांगताना त्याने वापरलेला फ्रेंच शब्द स्वयंपाकघरात चालतो, तसाच किल्लेबंदीतही चालतो. फौजेची बगल राखावी तशी मांजराची बगल उंदरांनी राखली आहे! आणि लांडगा आला आहे तो हरणाच्या रश्श्यात. शत्रूने वेढलेल्या शहरात हा विनोद करायला छाती लागते.

आणखी एक गोष्ट सारापासून चीजपर्यंतच्या क्रमाची. जिन्नस कोसळले, पण क्रम कोसळला नाही. कोणी याला चैन म्हणेल. मला त्यात कारागिराचा हट्ट दिसतो. शाळेचे छप्पर गळत असतानाही फळ्यावर सुवाच्य अक्षर काढणारे शिक्षक मी पाहिले आहेत. हा हट्ट त्याच जातीचा.

आता दुसरा प्रश्न. यादी काय सांगत नाही?

हे मांस कोठून आले, ते ती सांगत नाही. ते शहरातल्या प्राणिसंग्रहालयांतून आले. वैरण उरली नाही म्हणून जनावरे विकली गेली. कास्टर आणि पोलक्स हे दोन हत्ती पॅरिसच्या पोरांचे लाडके. त्यांच्या पाठीवर बसून मुलांनी फेऱ्या मारलेल्या. त्याच हिवाळ्यात एका खाटकाने ते दोन्ही मिळून २७,००० फ्रँकला घेतले. शहराच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या नॅशनल गार्डच्या शिपायाला दिवसाला दीड फ्रँक मिळत असे. हिशेब करून पाहा: ही किंमत म्हणजे एका शिपायाचा अठरा हजार दिवसांचा, जवळजवळ पन्नास वर्षांचा रोज. त्या हत्तींचे मांस चाखून इंग्रज बातमीदार हेन्री लाबुशेअर याने आपल्या देशबांधवांना कळवले, की ते चिवट आणि तेलकट असते, आणि गाय-मेंढी मिळत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. म्हणजे एवढे पैसे मोजून जे विकत घेतले, त्यात चवही नव्हती. ज्याला परवडते त्याच्या पानात नाताळला काहीतरी असलेच पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरीकडे रांग होती. पहाट होण्याआधीपासून बायका बर्फात खाटकाच्या आणि पाववाल्याच्या दुकानापुढे उभ्या राहत. जानेवारीत पावाचे माप ठरले: माणशी रोज ३०० ग्रॅम, आणि तो पावही कोंडा, तांदूळ, ओट असे जे हाती लागेल ते मिसळून केलेला. ज्या वस्तूंना माप नव्हते, त्या पैसेवाल्यांकडे गेल्या. वेढा सगळ्यांभोवती एकच होता, भूक मात्र खिशाप्रमाणे वाटली गेली. मार्च १८७१ मध्ये या शहरात जो उठाव झाला त्याला कारणे अनेक होती. पण त्या रांगेत उभे राहिलेले लोक ती रांग विसरले असतील, असे मला वाटत नाही.

तरीही मी यादीला नापास करत नाही. ती खोटे बोलत नाही. फक्त अर्धे बोलते. त्याच शहरातला दुसरा एक मजकूर मात्र मला नापास करावा लागतो, आणि तो लिहिवणारे आचारी नव्हते, विद्वान होते.

ब्रेबां यांच्या भोजनगृहात दर पंधरवड्याला काही मंडळी जमत. तत्त्वज्ञ रेनां, रसायनशास्त्रज्ञ बेर्तलो, लेखक एदमों द गोंकूर ही त्यांतली. वेढा उठल्यावर त्यांनी मालकाचे आभार मानण्यासाठी एक पदक करवून घेतले. त्यावर कोरलेल्या मजकुराचा आशय असा, की वेढलेल्या वीस लाख जीवांच्या शहरात आपण जेवत आहोत, याची जाणीव या मंडळींना एकदाही झाली नाही. हे आभार म्हणून कोरले! आणि ते खरेही नव्हते. गोंकूरच्याच रोजनिशीत नोंद आहे, की या पंगतीत मेंढीचे म्हणून आलेले मांस कुत्र्याचे होते, आणि त्यावर मेंढपाळाचे नाव घेऊन थट्टाही झाली. म्हणजे जाणीव होती. धातूवर कोरताना ती पुसून टाकावीशी वाटली. आचाऱ्याने यादीच्या माथ्यावर वेढ्याचा दिवस छापला आणि विद्वानांनी तो खरवडून काढला, हा या दोन मजकुरांमधला फरक आहे. तो शैलीचा नाही, नीतीचा आहे.

मग पूर्ण बोलणारा मजकूर कोणता? त्यासाठी मला आपल्या देशात यावे लागते. १९४३ मध्ये युद्धाच्या छायेतल्या कलकत्त्यात, जिथे आदल्या डिसेंबरात जपानी बाँब पडून गेले होते, खेड्यांतून आलेली माणसे फुटपाथांवर भुकेने मरत होती, आणि चौरंगीवरची भोजनगृहे चालू होती. बिजन भट्टाचार्य यांचे ‘नबान्न’ हे नाटक १९४४ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातल्या एका प्रवेशात एका श्रीमंताच्या घरी लग्नाची जेवणावळ चालू आहे, आणि बाहेर उकिरड्याशी खेड्यातला शेतकरी उष्ट्यासाठी कुत्र्याशी झोंबतो आहे. पंगत आणि उकिरडा एकाच वेळी प्रेक्षकासमोर. कोणाकडे पाहायचे हे त्यालाच ठरवावे लागते, आणि कुठेही पाहिले तरी दुसरी बाजू डोळ्यांच्या कोपऱ्यात राहतेच. व्वाझँच्या यादीला जे साधले नाही, ते इथे साधले आहे.

ही गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. काबूल, बैरुत, मोगादिशू अशा शहरांतल्या उंची भोजनगृहांची वर्णने आपल्या काळातही लिहिली गेली. बाहेर स्फोट, आत रुमालाच्या घड्या, आणि ‘आयुष्य थांबत नाही’ हा ठरलेला शेरा. १७ जानेवारी २०१४ रोजी काबूलमधल्या एका लेबनीज भोजनगृहावर हल्ला झाला आणि एकवीस माणसे मेली. तिथे जेवणारी माणसे वाईट नव्हती. दमलेल्या माणसाला चार घास गरम मिळावेत, यात पाप नाही. मालकाने दार उघडे ठेवले तर आचारी, वाढपी, भाजीवाला यांचीही चूल पेटते. हेही वर्णनात आले पाहिजे. माझी तक्रार जेवणाऱ्याशी नाही, लिहिणाऱ्याशी आहे. पानातल्या पदार्थांची नावे लिहिणाऱ्याने पदार्थांची किंमत लिहावी, वाढणाऱ्याचा रोज लिहावा, आणि दाराबाहेर पाव कितीला मिळतो तेही लिहावे. एवढे केले तर ‘आयुष्य थांबत नाही’ हे वाक्य लिहायची गरजच पडणार नाही. ते कोणाचे थांबले आणि कोणाचे नाही, हे वाचकाला आपोआप कळेल.

क्रमिक पुस्तक तयार करण्याचे काम कोणी माझ्याकडे दिले, तर व्वाझँची यादी मी त्यात जरूर घालीन. डाव्या पानावर हत्तीचे सार, लांडग्याची मांडी आणि १८४६ चे मद्य. उजव्या पानावर एकच ओळ: पाव, माणशी ३०० ग्रॅम. खाली स्वाध्याय म्हणून विचारीन, की दोन्ही पाने एकाच शहराची आहेत, हे तुम्ही कशावरून ओळखाल?