वर्मी घाव आणि विसाचा आकडा

रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना 'क्रिटिकल हिट' वेगळी सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: वार लागला की नाही हे वीस पैलूंच्या फाशावर ठरतं, थेट २० पडले तर इजा दुप्पट. आपल्या भाषेत, वर्मी घाव. उर्दूचे अभ्यासक एम. ए. आर. बार्कर यांच्या १९७५ च्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन'मध्ये हा नियम आहे. तिथे २० नंतर पुन्हा १९ किंवा २० पडले, तर समोरचा जागीच ठार.

या नियमाची नेहमीची बाजू अशी: खऱ्या लढाईतही एखादा वार वर्मी लागतोच की, म्हणून नियम वास्तववादी आहे. मला हे पटत नाही.

आधी गणित बघा. नवख्याचा वार फक्त २० पडल्यावरच लागतो असं धरू. मुरलेल्या योद्ध्याचा ६ ते २० पर्यंत, म्हणजे १५ आकड्यांवर लागतो. दोघांनाही २० पडण्याची शक्यता तीच, ५ टक्के. पण लागलेल्या वारांपैकी वर्मी किती? योद्ध्याचा १५ पैकी १. नवख्याचे सगळेच! म्हणजे जितका अडाणी, तितका त्याचा लागलेला वार जीवघेणा. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत २० नंतर खात्रीसाठी पुन्हा फासा टाकायला लावला. त्याने हे प्रमाण दोघांचंही २० पैकी १ झालं. विचित्रपणा गेला, पण इथे कौशल्याचा फरकही उरला नाही. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तो दुसरा फासाही काढून टाकला.

आता परिणाम. नियम घावाचा परिणाम एकाच शरीराच्या गुणांत मोजतो. इतिहासात तसं दिसत नाही. १६६५ मध्ये पुरंदरावर मुरारबाजी देशपांडे पडले. सभासद बखरीप्रमाणे दिलेरखानाच्या बाणाने. तरी गडावरचे लोक लढत राहिले. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि उपाशी, थकलेल्या फौजेचा धीर सुटला. दोन्ही घाव वर्मीच, पण परिणाम ठरला तो मागे उभ्या असलेल्यांच्या अवस्थेवर. फाशाला ही अवस्था दिसतच नाही.

गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ मध्येच क्रिटिकल हिटला विरोध केला होता. त्यांच्या मते हिट पॉइंट म्हणजे नुसतं शरीर नव्हे, त्यात कौशल्य आणि नशीबही आलं. मग 'दुप्पट इजा' नेमकी कशाची, हा प्रश्न आजही खुला आहे.

खेळ म्हणून नियम झकास आहे. २० पडल्यावर टेबलावर जो कल्ला होतो, तेवढ्यासाठीसुद्धा तो ठेवावा. पण सिनॉप्सिसमध्ये 'हा नियम वास्तववादी आहे का?' एवढंच लिहू नका. गाईड पहिल्याच बैठकीत अडवतील, आणि बरोबरच करतील. प्रश्नाचे तुकडे करा: घाव किती वेळा बसतो, कोणाच्या हातून बसतो, आणि परिणाम कुठवर पोचतो? तिन्हींची उत्तरं वेगळी येतात, पुरावेही वेगळे लागतात. 'वास्तव' हा शब्द दिसला की आधी विचारा, कशाच्या बाबतीत? तिथून पुढे संशोधन सुरू होतं.