पालवीचा रंग आणि सोडलेला कागद

सध्या माझ्या टेबलावर बारा चित्रांचं काम आहे. एका भिंतीवरच्या दिनदर्शिकेसाठी चैत्र ते फाल्गुन. रंगांच्या डब्याशेजारी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ पालथं पडलेलं असतं आणि कानात कुमार गंधर्व. दिवसभर ही दोघंच सोबतीला. घरचे म्हणतात, जेवायला तरी बाहेर ये.

चैत्राला मी पिंपळ काढला होता. हात सवयीने सॅप ग्रीनकडे गेला, चित्र झालंही. मग ‘वसंतहृदय चैत्र’ पुन्हा वाचायला घेतलं, तर दुर्गाबाईंच्या पिंपळाची नवी पालवी गुलाबी! खाली फाटकाशी जाऊन पाहिलं. कोवळं पान तांबूस गुलाबी, तेल लावल्यासारखं लकाकणारं, इतकं पातळ की उन्हात शीर न् शीर दिसत होती. त्या झाडाखाली मी वीस वर्षं स्कूटर लावतो आहे. चित्र फाडलं.

‘ऋतुचक्र’ 1956 साली आलं. प्रत्येक मराठी महिन्याला एक लेख, एवढीच त्याची बांधणी. पण या गद्याची गंमत अशी की बाई ‘सुंदर’ म्हणून मोकळ्या होत नाहीत. पान कसं लवतं, देठ कुठे वळतो, रंग कुठल्या रंगात मिसळतो हे सांगत सांगत पुढच्या झाडाकडे सरकतात. आंब्याच्या कैऱ्यांचं कौतुक करणारी लेखणी घाणेरीपाशीही तितकीच रेंगाळते. घाणेरी! कुंपणाचं झुडूप, उग्र वास, आणि नावातच बदनामी. तिच्या एकाच गुच्छातले वेगवेगळे रंग बाईंनी निगुतीने पाहिले आहेत. लोकसंस्कृतीच्या अभ्यासात मुरलेल्या या बाईकडे फुलांपुरतं तरी सोवळंओवळं नाही. मला खटकतं ते एवढंच, की कधीकधी विशेषणांची रास होते आणि संस्कृत शब्द जरा जास्तच दागिने घालून येतात. पण पुढच्याच वाक्यात एखादं साधं निरीक्षण असं येतं की तक्रार गिळावी लागते.

कुमारांकडे दागिने नाहीतच. ‘गीतवर्षा’ हा त्यांचा पावसाळ्याच्या बंदिशींचा आणि माळव्याच्या लोकगीतांचा कार्यक्रम. आषाढाचं चित्र डोक्यात असल्यामुळे सध्या तोच लावतो. तानपुरे आधी असे जुळलेले की सुराला बसायला जागा तयार असते. मग एक छोटीशी फेक येते, टोकदार, क्षणात संपणारी. आणि कुमार थांबतात. तबला चालू, तानपुरे चालू, गळा गप्प. त्या अवकाशात आधीचा सूर आपल्याच कानात वाढत राहतो. हे गाणं तुटक वाटतं म्हणणारे पुष्कळ होते. मीही कॉलेजात असताना त्यांच्यातलाच होतो.

माझं मत बदललं ते जलरंगांमुळे. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, तिथे कागद सोडायचा असतो. ऐन रंगाच्या भरात हात आवरून एवढीशी जागा कोरी ठेवणं, याहून अवघड काही नाही. कुमारांच्या त्या थांबण्याला मी आता ‘सोडलेला कागद’ म्हणतो.

या दोघांना मनात एकत्र बांधणारी आणखी एक गोष्ट आहे, ती ऋतूंहून खोल. दोघांनीही ऐन तारुण्यातली वर्षं अंथरुणात काढली. मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये अभ्यास करत असताना दुर्गाबाईंना विषबाधा झाली आणि त्या दीर्घकाळ खिळून राहिल्या. कुमार क्षयाने आजारी होऊन 1948 साली देवासला आले. गाणं बंद, कारण डॉक्टरांचा हुकूम तसा होता. बालवयात ज्याने मैफली गाजवल्या त्याच्या वाट्याला नुसतं ऐकणं आलं. कानावर पडत होती ती माळव्यातल्या बायकांची गाणी, चार-पाच सुरांत मावणारी. त्यातूनच पुढे त्यांचे धुनउगम राग आले. आजारपणाने कलावंत घडतो वगैरे मी म्हणणार नाही. अनेकांना आजार नुसता झिजवतो. पण हलता येत नसताना समोरचं एकच झाड किंवा रस्त्यावरून येणारी एकच चाल पुन्हा पुन्हा निरखण्याची जी सवय लागत असेल, ती मला या पुस्तकाच्या पानात आणि या गाण्यात सारखीच जाणवते.

आषाढ अजून कोराच आहे. तीन कागद वाया गेले, कारण तिन्हींत पाऊस मी रेघांनी भरून काढला. काल चौथा ताणून लावला आणि वरचा अर्धा भाग तसाच सोडला. दिनदर्शिकावाल्यांचा फोन आला होता, वर जागा रिकामी दिसते म्हणाले.

तुम्ही ‘ऋतुचक्र’ उघडलंत तर पहिल्या पानापासून सुरू करू नका. जो महिना चालू असेल तेवढाच वाचा, आणि मग जवळचं एखादं झाड पाहून या.