नूतनीकरण की सुशोभीकरण? : पुणे–लोणावळा उपनगरी मार्गावरील जुन्या स्थानकांची एक चिकित्सा

प्रस्तावना

खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याच मार्गावर १९७८ मध्ये पुणे–लोणावळा लोकलसेवा सुरू झाली. सुमारे ६४ किलोमीटर लांबीच्या या उपनगरी मार्गावर दोन्ही टोके धरून सतरा स्थानके आहेत. मावळातील दूधवाले व भाजीविक्रेते, पिंपरी-चिंचवडचे कामगार, आकुर्डी-तळेगाव परिसरातील महाविद्यालयांचे विद्यार्थी या सर्वांची दिनचर्या या मार्गाशी बांधलेली आहे. गावे वाढून नगरे झाली, पण स्थानकांचे जिने व फलाट मात्र दीर्घकाळ जुन्या मापाचेच राहिले.

रेल्वे मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये अमृत भारत स्थानक योजना जाहीर केली. ६ ऑगस्ट २०२३ रोजी देशातील ५०८ स्थानकांच्या कामांचा शुभारंभ झाला, त्यांत आकुर्डी व तळेगाव यांचा समावेश होता. चिंचवड आणि देहूरोड ही स्थानकेही या योजनेत आहेत. या नूतनीकरणाचे मूल्यमापन कोणत्या कसोट्यांवर व्हावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. तीन संज्ञा

मराठीत जुनी वास्तू नवी करण्यासाठी तीन शब्द प्रचलित आहेत. ‘सुशोभीकरण’ म्हणजे दिसण्यातील बदल. ‘नूतनीकरण’ म्हणजे झिजलेल्या घटकांच्या जागी नवे घटक बसविणे. ‘जीर्णोद्धार’ या शब्दाचा आशय अधिक खोल आहे. वास्तू ज्या प्रयोजनासाठी उभी राहिली ते प्रयोजन पुन्हा समर्थपणे पार पडावे, हा त्याचा हेतू असतो. देवळाचा जीर्णोद्धार करणारा कारागीर प्रथम जोते आणि गळती पाहतो. कळसाचा विचार त्यानंतर येतो. शासकीय परिभाषेत हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यामुळे सुशोभीकरण पूर्ण झाले की जीर्णोद्धार झाला, असा समज निर्माण होतो.

२. दर्शनी भागाचे आकर्षण

स्थानकांच्या आराखड्यांत स्थानिक संस्कृती, वारसा व वास्तुशैली यांचे प्रतिबिंब असावे, अशी या योजनेमागील एक घोषित भूमिका आहे. ती मुळात चुकीची नाही. १९२५ मध्ये उद्घाटन झालेल्या पुणे स्थानकाच्या इमारतीने शंभर वर्षे शहराला एक ओळख दिली आहे. मात्र प्रतीक आणि उपयोग यांत अंतर असते. पुणे मेट्रोच्या डेक्कन जिमखाना व छत्रपती संभाजी उद्यान या स्थानकांची छपरे पगडीच्या आकारावर बेतलेली आहेत. ती पाहणाऱ्याच्या लक्षात राहतात. परंतु नदीपलीकडच्या पेठांतून येणाऱ्या प्रवाशाच्या दृष्टीने त्या पगडीपेक्षा मुठेवरील पादचारी पूल अधिक मोलाचा ठरतो.

याचा अर्थ देखणेपण निरर्थक आहे असा नव्हे. उजेड, स्वच्छता, स्त्रियांसाठी सुरक्षित प्रसाधनगृह, बसण्यास सावली या गोष्टी प्रवाशाच्या प्रतिष्ठेशी निगडित आहेत. आक्षेप आहे तो प्राधान्यक्रमाविषयी.

३. जिन्याचा धडा

२९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर, पावसाच्या वेळी झालेल्या चेंगराचेंगरीत २३ प्रवासी मृत्युमुखी पडले. परिसरातील गिरण्यांच्या जागी कार्यालयांचे मनोरे उभे राहिले आणि गर्दीचे स्वरूप बदलले. जिना मात्र तेवढाच राहिला. त्या दिवशी स्थानकाचा दर्शनी भाग कसा होता हे महत्त्वाचे ठरले नाही. महत्त्वाची ठरली ती जिन्याची रुंदी. पिंपरी-चिंचवड आणि तळेगाव यांची वाढ पाहता हा धडा पुणे–लोणावळा मार्गालाही लागू पडतो.

अमृत भारत योजनेच्या धोरणात उंच फलाट, रुंद पादचारी पूल, उद्वाहक व सरकते जिने यांचा समावेश आहे. म्हणजे धोरणाच्या पातळीवर विचार अपुरा नाही. परंतु प्रवेशद्वाराची कमान चित्रफितीत दिसते, जिन्याची रुंदी दिसत नाही. निधी व मुदत यांची ओढाताण सुरू झाली की न दिसणारे काम मागे पडण्याचा धोका संभवतो.

४. न्यूयॉर्कचा अनुभव

न्यूयॉर्कचा भुयारी लोहमार्ग १९०४ मध्ये सुरू झाला. तेथील निवडक जुन्या स्थानकांच्या सुधारणेचा एक कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला. अनेक स्थानके काही महिने बंद ठेवून तेथे नवी प्रकाशयोजना, कलाकृती व माहितीफलक बसविण्यात आले. बहुतेक ठिकाणी उद्वाहक मात्र बसविले गेले नाहीत आणि त्यावर कठोर टीका झाली. ब्राँक्स भागातील मिडलटाउन रोड या आधीच नूतनीकरण झालेल्या स्थानकाबाबत २०१९ मध्ये संघीय न्यायालयाने दिलेला निर्णय उद्बोधक आहे. स्थानकाच्या वापरावर परिणाम करणारे नूतनीकरण करताना, तांत्रिकदृष्ट्या अशक्य नसल्यास, उद्वाहकाची सोय खर्चाची सबब न सांगता करावी लागेल, असे त्याचे सार होते. पुढे २०२२ मध्ये झालेल्या समझोत्यात ९५ टक्के स्थानके २०५५ पर्यंत सुगम करण्याचे मान्य झाले.

भारतात दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४५ नुसार विद्यमान सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम होणे अपेक्षित होते. नियम जून २०१७ मध्ये आले. ती मुदत २०२२ मध्येच उलटली. म्हणून उद्वाहक ही नूतनीकरणातील जादा सोय नसून थकलेले देणे आहे.

५. स्थानक आणि मार्ग

स्थानक हे मार्गाचे अंग आहे. पुणे–लोणावळा दरम्यान लांब पल्ल्याच्या गाड्या, मालगाड्या आणि लोकल यांना मुख्यतः दोनच रुळमार्गांवर सामावून घ्यावे लागते. दुपारच्या तासांत लोकलगाड्यांमध्ये पडणारा मोठा खंड हे प्रवाशांचे जुने गाऱ्हाणे आहे. सकाळचे तास आटोपून दुपारी घरी निघालेल्या विद्यार्थिनीला नव्या प्रतीक्षालयात अधिक सुखाने बसता येईल. पण गाडीच नसेल तर नूतनीकरणाने तिला केवळ प्रतीक्षाच सुसह्य करून दिली, असे म्हणावे लागेल. तिसऱ्या व चौथ्या मार्गिकेच्या प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली. या मार्गिका फलाटांच्या व पुलांच्या रचनेवर परिणाम करणार आहेत. त्यांचा विचार न करता आज उभारलेले बांधकाम उद्या पाडावे लागू नये, याची दक्षता आवश्यक आहे.

मेट्रोशी जोडणी हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. पिंपरी ते शिवाजीनगर या पट्ट्यात मेट्रो व लोकल जवळजवळ समांतर धावतात. कासारवाडी, दापोडी, शिवाजीनगर येथे दोन्ही सेवांमधील छताखालचा, सलग आणि उजळ पादचारी मार्ग हा कोणत्याही कमानीपेक्षा मोठा लाभ ठरेल.

निष्कर्ष

जुन्या स्थानकाच्या नूतनीकरणाचे परीक्षण प्रवाशाच्या पावलांच्या क्रमाने व्हावे : रस्ता, प्रवेश, जिना किंवा उद्वाहक, फलाट, डबा. या साखळीतील सर्वांत अशक्त दुवा जेवढा सुधारेल तेवढेच स्थानक सुधारले, असे मानावे. दर्शनी भाग या क्रमात शेवटी येतो. आकुर्डी, तळेगाव, चिंचवड व देहूरोड येथील कामांचे यश उद्घाटनाच्या दिवसाच्या छायाचित्रांवरून ठरविता येणार नाही. पावसाळ्यातील एखाद्या सायंकाळी, एकाच वेळी दोन गाड्या आल्या असता, काठी टेकत चालणारा वृद्ध प्रवासी गर्दीतून सुखरूप रस्त्यावर पोचतो की नाही, यावरून ते ठरेल. तो पोचला तर त्या कामास जीर्णोद्धार म्हणता येईल. अन्यथा ते सुशोभीकरणच राहील.