लहान नोंद : ज्ञानकोशाची की शब्दकोशाची?

कोशरचनेच्या कामात एक प्रश्न वारंवार उपस्थित होतो. एखाद्या विषयासंबंधी दोन-चार ओळींहून अधिक मजकूर उपलब्ध नसेल, तर त्याची नोंद ज्ञानकोशात घ्यावी की ती शब्दकोशाकडे सोपवावी? लांब नोंद ज्ञानकोशाची आणि आखूड नोंद शब्दकोशाची, असा ढोबळ नियम पुष्कळदा गृहीत धरला जातो. बौद्धविद्येच्या दृष्टीने हा नियम सदोष आहे आणि त्यामुळे होणारी हानी अभ्यासकांनी ओळखली पाहिजे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या घोटाळ्याचे एक मूळ ‘कोश’ या शब्दातच आहे. कोश म्हणजे साठा, भांडार. वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’ हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आहे, तर बाराव्या शतकात सिंहलद्वीपात मोग्गल्लानाने रचलेली ‘अभिधानप्पदीपिका’ हा पालीचा शब्दकोश आहे. या दुसऱ्या ग्रंथातही शब्द वर्णानुक्रमाने येत नाहीत. स्वर्ग, पृथ्वी अशा विषयांच्या क्रमाने पर्यायशब्द दिले आहेत. म्हणजे आशय शब्दांचा आणि मांडणी वस्तूंची, असा मेळ आपल्या परंपरेत जुनाच आहे.

आधुनिक काळात या दोन प्रकारांची स्पष्ट फारकत पुण्यातच पाहावयास मिळते. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’च्या प्रस्तावनाखंडांपैकी दोहोंची नावे ‘बुद्धपूर्व जग’ व ‘बुद्धोत्तर जग’ अशी आहेत. बुद्धाला जगाच्या इतिहासाचा मध्यबिंदू मानणारी ही योजना आजही लक्षणीय वाटते. या ज्ञानकोशाच्या कामात घडलेल्या यशवंत रामकृष्ण दाते व चिंतामण गणेश कर्वे यांनी पुढे १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोश’ सिद्ध केला आणि त्यानंतर ‘सुलभ विश्वकोश’ही संपादिला. एकाच मंडळींनी दोन्ही कामे केली, परंतु ती स्वतंत्र ग्रंथांत केली. शब्दाची माहिती आणि वस्तूची माहिती यांचे प्रयोजन भिन्न आहे, ही जाणीव त्यामागे दिसते.

हा भेद एका सोप्या कसोटीने तपासता येतो. बुद्ध, तथागत व सुगत या तीन शब्दांच्या शब्दकोशात तीन स्वतंत्र नोंदी हव्यात, कारण प्रत्येकाची व्युत्पत्ती व अर्थच्छटा निराळी आहे. ज्ञानकोशात मात्र एकच लेख पुरेसा असून उरलेली नावे त्याकडे बोट दाखवतील. उलट ‘धम्म’ हा एकच शब्द घेतला, तर शब्दकोश त्याचे उपदेश, सदाचार, गुण, कारण, मनाचा विषय इत्यादी अर्थ एका नोंदीत देईल. ज्ञानकोशाला त्यांपैकी काही अर्थांवर स्वतंत्र लेख लिहावे लागतील. या कसोटीत लांबीचा प्रश्न कोठेही येत नाही.

मलालसेकर यांचा १९३७-३८ मधील पाली विशेषनामांचा द्विखंडात्मक ग्रंथ या संदर्भात उद्‌बोधक आहे. त्याच्या शीर्षकात शब्दकोश हा शब्द असला, तरी स्वरूपाने तो व्यक्तींचा व स्थळांचा ज्ञानकोश आहे. त्यात कित्येक नोंदी अवघ्या एका-दोन वाक्यांच्या आहेत. संपादकाने त्या वगळल्या असत्या, तर त्या नावांचा शोध घेणाऱ्यास मूळ ग्रंथ पुन्हा चाळावे लागले असते.

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. जुन्नरच्या शिलालेखांत ‘पोढी’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ पाण्याचे टाके. रूप, लिंग, अर्थ आणि कोणत्या लेखांत तो आढळतो एवढे शब्दकोशाने सांगावे. लेण्यांजवळ टाकी का खोदली जात, त्यांचा भिक्षुसंघाला उपयोग काय, त्यांचे दाते कोण, हे ज्ञानकोशाचे काम. त्याच जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्यांचे दान दिल्याचा लेख आहे. या इरिलाची नोंद एका वाक्यातच संपेल. तरीही ती ज्ञानकोशाचीच नोंद आहे, कारण ती एका माणसाविषयी आहे. शब्दकोशात तिला जागा नाही. आखूड म्हणून ज्ञानकोशानेही नाकारली, तर एका विदेशी उपासकाचे नाव दोन्हीकडून पुसले जाईल.

डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाने आपल्या इंग्रजी नावात ज्ञानकोश व शब्दकोश या दोन्ही कल्पना एकत्र आणल्या आहेत. १९४८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाचा पहिला भाग १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तेथील ‘ज्ञानकोशीय’ या विशेषणाचा रोख शब्दाचा इतिहास सर्व शास्त्रांतून गोळा करण्यावर आहे. तो शब्दकोशच आहे, फार मोठा शब्दकोश. नोंद दीर्घ झाल्याने तिची जात बदलत नाही, हेच त्यावरूनही सिद्ध होते.

या चर्चेचे खरे महत्त्व १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या मराठीसंबंधी आहे. ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ची पुरवणी १९५० ची. त्यामुळे धम्मदीक्षेनंतर मराठीत रुजलेले अर्थ तीत असणे शक्यच नव्हते. ‘विहार’ म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान हा अर्थ जुना. वस्तीतील वंदनेचे व सभेचे स्थान हा अर्थ आता सर्वत्र रूढ आहे. ‘बौद्धाचार्य’ या शब्दाची फोड कोणीही करील, परंतु तो भिक्षू नसून नामकरण, विवाह आदी संस्कार करणारा गृहस्थ असतो, हे फोडीवरून कळत नाही. असे शब्द शब्दकोशकारास सांप्रदायिक परिभाषा वाटतात आणि ज्ञानकोशकारास लेखाच्या मानाने किरकोळ. दोघेही ते दुसऱ्याकडे ढकलतात आणि लक्षावधी लोकांच्या नित्य व्यवहारातील भाषा अनोंद राहते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः पाली शब्दकोशाच्या कामात गुंतले होते. ते काम महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले. धम्माचा पुनरुद्धार करू पाहणाऱ्या नेत्याला शब्दांच्या अर्थाची एवढी निकड वाटावी, यात कोशकार्याचे मोल स्पष्ट होते.

म्हणून बौद्ध विषयांच्या संपादकांनी नोंद हाती येताच प्रथम विचारावे की, ही माहिती शब्दाची आहे की त्या शब्दाने निर्दिष्ट केलेल्या व्यक्तीची, स्थळाची वा संस्थेची? उत्तर ‘दोहोंची’ असे आले, तर दोन्हीकडे नोंद करून परस्परांचा निर्देश द्यावा. ओळी मोजण्याचे काम त्यानंतरचे. आणि ज्या नोंदीला कोठेच स्थान मिळत नसेल, तिच्यासाठी बौद्ध मराठीचा स्वतंत्र शब्दकोश सिद्ध करण्याचे दायित्व विहारांशी निगडित अभ्याससंस्थांनी स्वीकारावे. हे शब्द पहिल्या पिढीकडून ऐकलेली माणसे अद्याप आपल्यात आहेत, तोवरच हे काम साधार होऊ शकेल.